पाटीवरचा शब्द

शरफोद्दीन सर इंग्रजी शिकवायचे डाळमिलच्या भिंतीला लागून,
अकरावी ब, पत्र्याखाली.
पट्टा सुरू झाला की थांबायचे,
खिडकीतून हमाल दाखवायचे:
फळीवर चढताना एक पाय हलका, एक जड,
हलका, जड, हलका, जड,
असं पाच वेळा, की पोतं थप्पीवर.
म्हणायचे, ही त्यांची ओळ.
लंडनला कशाला जाता.

त्या दिवशी म्हणाले, ही हरलेली भाषा आहे,
म्हणून कवितेला बरी.
तीनशे वर्षं तिचे राजे फ्रेंच बोलत होते,
देव लॅटिन ऐकत होता,
आणि ही बाई गोठ्यात
शेण काढता काढता शब्दांच्या शेपट्या विसरत गेली.
प्रत्यय झडले. विभक्त्या झडल्या.
राहिले एका घोटात गिळता येतील असे:
ब्रेड. स्टोन. डेथ.
यमकांचा मात्र दुष्काळ, उदगीरच्या नळासारखा.
"आपल्याला काय, आला, गेला, मेला,
क्रियापद टाकलं की यमक फुकट.
त्यांना प्रेमाशी जुळवायला दर वेळी
तेच एक कबुतर धरून आणावं लागतं."

मग फळ्यावर दोन शब्द. शीप. मटन.
कुरणात राखणारा पहिला म्हणायचा,
ताटावर बसणारा दुसरा.
मेंढरू गावचं, मटन फ्रेंच दरबारचं.
वर्ग माझ्याकडे वळून हसला.
चौबाऱ्यामागं आमचं दुकान,
सगळ्यांना ठाऊक.

घरी आलो. पाटी रोजचीच,
तांबडा रंग, ट चा पाय जरा ओघळलेला.
अण्णा सुरीला धार लावत होते.
"काय बघलालास?"
म्हटलं, अण्णा, ह्यो शब्द फ्रान्सचा हाय.
"मग? उधारी फेडाया येतेत का तिथून?"
थोड्या वेळानं, फडक्याला हात पुसत:
"जित्तं हाय तवर बकरं.
तराजूत गेलं की मटण.
जित्त्याचं नाव आपलं,
मेल्याचं गिऱ्हाइकाचं."

तिसरीत शाळा सोडलेल्या माणसानं
सरांचा अख्खा तास घेतला, उभ्या उभ्या.

त्या रात्री मी इंग्रजीत कविता लिहिली, आजोबांवर.
डिक्शनरीतून लांबलचक शब्द आणले,
थेट रोमहून, बैल जुंपून ओढावेत तसे.
सरांनी लाल शाईनं एकेक काढून टाकला.
"हे कचेरीतले शब्द.
मेलेल्याला खांदा देत नाहीत, नोंद करतात.
घरात काय म्हणाले, त्या दिवशी?"
गेला.
"तलाठ्यानं काय लिहिलं?"
मयत.
"आणि तुमच्या ट्रंकेतल्या कागदात, पणजोबा?"
तो कागद निजामाच्या वेळचा, उर्दूत,
आमच्या घरी कोणालाच लागत नाही.
सरांनीच एकदा वाचून दिला होता:
फौत.
"आणि पेपरात?"
पेपरात आलंच नाही, सर.
आलं असतं तर निधन झालं असतं.

सर बराच वेळ चष्मा पुसत राहिले.
"मग तीच एकटी हरली,
असं मी का शिकवतो दर वर्षी?"
कोणाला विचारत होते, कळलं नाही.
पलीकडं तूर भरडायला लागली होती.

शेवटी कागदावर एकच ओळ उरली, दोन शब्दांची:
ही वेंट.
सरांनी पेन उचललं, तसंच धरलं.
म्हणाले, त्यांच्याकडं याचा अर्थ होतो
नुसता बाहेर गेला, दुकानापर्यंत, एवढाच.
कोणीही इंग्रज वाचेल आणि त्याला वाटेल,
येईल म्हातारा दिवे लागायच्या आत.

मग टोपण लावलं.
राहू दे, म्हणाले.
बघू दे त्याला वाट.